भात यंत्रानं पेरायचंय, पेरणी यंत्र विकत घेऊ का?

गारगोटीकडच्या एका तरुण शेतकऱ्याचा प्रश्न आहे. अडीच एकर भात, घरी 35 एचपीचा ट्रॅक्टर. रोपलागणीला बायका मिळत नाहीत, पूर्वी पैऱ्यानं (एकमेकांकडं आळीपाळीनं कामाला) यायची ती घरं आता एमआयडीसीत नाहीतर पुण्यात. म्हणून तरवा (लावायची रोपं), चिखलणी, लागण सगळं सोडून यंत्रानं थेट पेरायचा विचार आहे. पेरणी यंत्र विकत घेऊ का, घेतलं तर कुठलं, तणाचं काय करू (शेजाऱ्याचं भात मागच्या साली तणानं खाल्लं) आणि कापणीला मोठं हार्वेस्टर चालेल का, हे त्यांनी विचारलंय.

पहिल्याचं उत्तर लगेच देतो. एकट्यानं घेऊ नका. पहिली दोन वर्षं भाड्यानं पेरून घ्या. बाकीचं सविस्तर सांगतो, कारण बारा वर्षं दुसऱ्यांच्या रानात यंत्र घेऊन फिरलोय आणि नुकसान म्हणाल तर ते स्वतःच्या रानात करून घेतलंय.

थेट पेरणी हे काही नवीन आलेलं नाही. आपल्याकडं धूळवाफ पेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत पेरणं, आजोबा-पणजोबांपासून आहे. वळीव झाला, रान कुळवून ठेवलं, रोहिणी निघाली की, म्हणजे 25 मेच्या सुमाराला, कुरी (बैलांची पाभर) जुंपायची. चाड्यावर (बी सोडायच्या पेल्यावर) मूठ धरणारा माणूस घरातला जाणता असायचा. एकसारखं बी सोडणं ही त्याची कला, आणि बैल जरा जोरात चालले तर त्याची मूठही तशीच बदलायची. आजचं यंत्र त्या मुठीच्या जागी आलंय, एवढंच. पंजाब-हरियाणातला थेट पेरा पाणी वाचवायला आणि मजूर नाहीत म्हणून वाढला. भुदरगड, राधानगरी, आजऱ्यात जुलैत पाण्याची काय वानवा! आपली अडचण माणसांची आणि वेळेची. त्यामुळं तिकडचे व्हिडिओ बघून तारखा आणि औषधं जशीच्या तशी उचलू नका.

वेळ म्हणजे काय ते 2025 च्या मे महिन्यानं दाखवून दिलं. पाऊस थांबेना, मान्सून 26 मेलाच मुंबईत. आमच्याकडं वापसाच (पेरण्याजोगी ओल) आला नाही. यंत्र शेडमध्ये उभं आणि फोन वाजतोय, "काका, कधी येताय?" ओल्या रानात ट्रॅक्टर घातला तर फणाला माती लिपते, बियाण्याच्या नळ्या तुंबतात, चाकाखालची जमीन दगडासारखी दबते. ज्यांनी जोखीम नको म्हणून थोडा तरवा टाकून ठेवला होता ते वाचले. म्हणून माझा नियम आहे: सगळं रान पेरायचं असलं तरी दोन-तीन गुंठे तरवा टाकायचाच. पेरा नीट उगवला तर तेच रोप तुटाळीत (मोकळ्या राहिलेल्या जागी) लावायला होतं.

आता रान. तुमचे तुकडे कसे आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळ्यात जास्त फरक त्यानंच पडतो. ओढ्याकाठचा, पाणी साचणारा डाग असेल तर तिथं पेरा नको. भाताचं रोप पाण्यात उभं राहतं म्हणून बीही पाण्याखाली उगवेल असं नाही. पेरल्यावर पहिल्या आठवड्यात रानात पाणी तुंबलं की बी कुजतं. गगनबावड्याच्या अंगाला, जिथं पाऊस सुरू झाला की उसंतच देत नाही, तिथं मी यंत्र नेत नाही. अशा ठिकाणी चटई रोपवाटिका (चटईसारखी उचलता येणारी रोपं) करून लागवड यंत्रानं रोपं लावणं बरं. चार ओळींचं, हातानं धरून चालवायचं यंत्र छोट्या खाचरातही वळतं.

पेऱ्याचं रान सपाट हवं, आणि 'दिसायला सपाट' पुरत नाही. एका कोपऱ्यात वीतभर पाणी आणि दुसऱ्यात ढेकळं कोरडी असली की वरच्या अंगाला तण आणि खालच्या अंगाला कुजलेलं बी, असं दोन्ही एकाच तुकड्यात दिसतं. पूर्वेकडच्या मोठ्या, सलग रानात लेसर लेव्हलर फिरतो आणि त्याचा पैसा वसूल होतो. आपल्या ताली-बांधाच्या दहा-बारा गुंठ्यांच्या तुकड्यात तो वळवायलाच जागा नसते. तिथं जुनी युक्ती करा. आदल्या पावसाळ्यात पाणी कुठं तुंबतं, कुठं उघडं पडतं ते बघून खुणा करून ठेवा. उन्हाळ्यात ट्रॅक्टरच्या फळीनं माती त्या हिशेबानं ओढा. एका वर्षात होत नाही, दोन-तीन वर्षं लागतात.

यंत्रात बियाणं सोडायची दोन मुख्य तऱ्हा असतात. एकात खाचा असलेले रूळ फिरतात. ही यंत्रं गव्हासाठी ठीक, पण भाताचं बी त्यात घसघसून पडतं, काही दाणे फुटतात आणि बियाणं कमी करायला गेलं की ओळीत मोकळ्या जागा राहतात. दुसऱ्यात तिरप्या तबकड्या असतात. तबकडीच्या खाचेत दोन-तीन दाणे बसतात आणि वर नेऊन नळीत टाकले जातात. भातासाठी ही तिरपी तबकडीच घ्या. तबकडी बदलली की त्याच यंत्रानं सोयाबीन, मका, भुईमूगही पेरता येतो, आणि विकत घ्यायचं झालं तर हिशेब तिथंच जमतो. नुसत्या अडीच एकर भातावर तो कधी जमणार नाही. गावातले आठ-दहा जण मिळून घ्या किंवा अवजारे बँकेत (अवजारं भाड्यानं मिळतात तिथं) बघा. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर यांत्रिकीकरणाचं अनुदान साधारण 40 ते 50 टक्क्यांपर्यंत मिळतं, पण मंजुरी हातात आल्याशिवाय पैसे गुंतवू नका.

यंत्र कुणाचंही असो, पेरायच्या आदल्या दिवशी अंगणात ते मोजून घ्या. हे काम कुणी करत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. नऊ फणांचं यंत्र, दोन फणांत 20 सेंटिमीटर, म्हणजे पेरणीची रुंदी 1.8 मीटर. यंत्राच्या ज्या चाकावर तबकड्या फिरतात त्याचा घेर सुतळीनं मोजा. समजा 1.6 मीटर भरला. मग चाकाचे 35 फेरे झाले की यंत्र बरोबर एक गुंठा चाललं असं धरायचं (1.8 गुणिले 1.6 गुणिले 35, साधारण 101 चौरस मीटर). यंत्र लिफ्टवर उचलून धरा, प्रत्येक नळीच्या तोंडाला एकेक पिशवी बांधा, चाक हातानं 35 वेळा फिरवा. एकरी 12 किलो बी घालायचं असेल तर सगळ्या पिशव्या मिळून 300 ग्रॅम भरायला हव्यात, एकेका पिशवीत 33 ग्रॅमच्या आसपास. एखाद्या पिशवीत 15 ग्रॅमच निघाले तर ती तबकडी घासलीय नाहीतर नळीत कोळ्यानं घर केलंय. माझ्या यंत्रात एकदा खरंच कोळी निघाला होता. शेतात चाक थोडं घसरतं, तेव्हा अंगणातल्या मापापेक्षा बी जरा कमीच पडणार हेही धरून चाला.

एकरी 12 किलो म्हटल्यावर म्हातारी माणसं हसतात. कुरीनं पेरताना 30 ते 40 किलो जायचं. पण तेव्हा निम्मं बी पाखरांचं आणि मुंग्यांचं असायचं, आणि दाट पेरा म्हणजे तणाला जागा नाही असंही गणित होतं. 12 किलोत ओळीत फुटाला आठ-नऊ दाणे पडतात, सहा-सात उगवले तरी भरपूर झालं. ज्यांचं रान अजून नीट बसलेलं नाही त्यांनी पहिल्या वर्षी 15 किलो घ्यावं. पेरण्याआधी बी मिठाच्या पाण्यात टाका, दहा लिटर पाण्याला 300 ग्रॅम मीठ. तरंगेल ते कोंबड्यांना, तळाशी बसेल ते दोन-तीनदा साध्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवा. पूर्ण वाळलं पाहिजे. दमट बी तबकडीच्या खाचेत चिकटतं. ट्रायकोडर्मा (रोग रोखणारी बुरशी) आणि अझोटोबॅक्टर (नत्र पुरवणारे जिवाणू) चोळायचं तेही पेरायच्या आधी सुकू द्या.

खोलीबद्दल माझीच चूक सांगतो. पहिल्या वर्षी मी यंत्र नवं आणलं होतं. विकणाऱ्यानं सांगितलं, ओलीत पेरा, बी खोल गेलं की पाखरं खात नाहीत. मलाही पटलं. तांबड्या रानात दोन इंचांवर पेरलं आणि तिसऱ्या दिवशी वळवाची एक सर अशी आली की बांध फुटायचा राहिला. मग चार दिवस कडक ऊन. वरती पापुद्रा धरला. आठव्या दिवशी रानात गेलो तर ओळीच दिसेनात. गुडघ्यावर बसून खुरप्याच्या टोकानं पापुद्रा उचलला तर खाली कोंब! पांढरेफटक, वाकडे, पापुद्र्याला डोकं टेकून आडवे पसरलेले. एकेक उघडा करत सकाळभर बसलो. बायको चहा घेऊन आली, बघितलं आणि काही न बोलता परत गेली. अर्धा एकर मोडून त्यात रोपलागण केली, तीही पाहुण्यांकडनं मागून आणलेल्या तरव्यानं.

तेव्हापासून एक इंच, फार तर सव्वा इंच, त्याच्या खाली नाही. खोली सांभाळणारी चाकं यंत्राला असलीच पाहिजेत, नसतील तर ते यंत्र भाताला घेऊ नका. ट्रॅक्टर पहिल्या लो गिअरमध्ये, माणूस चालतो तेवढाच. दर दोन फेऱ्यांनी उतरायचं आणि बोटानं माती उकरून दाणा किती खाली आहे ते बघायचं. ड्रायव्हर कंटाळतो, त्याला कंटाळू द्या. पेरल्यावर हलकी फळी फिरवा म्हणजे उघडं बी राहत नाही. पापुद्रा धरलाच तर काटेरी फांदी ओळीवरून ओढा, पण कोंब वर यायच्या आधी.

ड्रम सीडरबद्दल पुष्कळ जण विचारतात, म्हणून दोन ओळी. तो चिखलात, मोड आलेलं बी पेरायला. 24 तास भिजवायचं, 24 तास पोत्यात दडपायचं, मोड नुकता फुटलेला हवा, लांब झाला की भोकात अडकतो. उन्हाळी भाताला पाण्याची सोय असेल तर उत्तम आणि स्वस्त. जूनच्या शेवटी मात्र एका सरीत सगळं बी वाहून बांधाच्या कडेला गोळा होतं.

आता तण, तुमचा खरा प्रश्न. लागणीच्या भातात चिखल आणि उभं पाणी अर्धं तण मारतं. पेऱ्यात तो पहारेकरी नाही. भात आणि तण एकाच दिवशी उगवतात आणि पहिले 30 ते 40 दिवस ज्याच्या हातात जातात ते रान त्याचं. शेजाऱ्याचं भात तणानं खाल्लं म्हणता, त्यांनी पहिली फवारणी कधी केली ते विचारून बघा. बहुतेक वेळा ती उशिरा झालेली असते, नाहीतर कोरड्या मातीवर.

मी असं करतो. वळीव झाला की पहिलं तण उगवू देतो. आठ-दहा दिवसांनी उथळ कुळव मारून ते मोडतो. फार खोल जात नाही, गेलं की खालचं नवं बी वर येतं. वळीव चुकला आणि विहिरीला पाणी असेल तर एक पाणी देऊन हेच करा. मागच्या सालचं गळलेलं भातही यातच उगवून मरतं.

पेरल्यावर 48 तासांच्या आत पेंडीमिथॅलिन 30 टक्के हे तणनाशक, एकरी साधारण 1.3 लिटर, 200 लिटर पाण्यात. जमीन ओली हवी. धुळीवर मारलं तर औषध वाया, हे मी दोनदा करून बघितलंय. धूळवाफेत पेरलं असेल तर पहिला पाऊस पडून माती भिजू द्या आणि कोंब वर यायच्या आत मारा. बी मातीनं झाकलेलं हवं, उघड्या दाण्याला हे औषध इजा करतं. पंपाला सपाट फवाऱ्याचं नोझल लावा आणि मागं मागं सरकत फवारा, म्हणजे आपलेच पाय औषधाचा थर मोडत नाहीत.

दुसरी फवारणी 18 ते 25 दिवसांच्या दरम्यान, तण दोन ते चार पानांवर असताना. बिस्पायरीबॅक सोडियम 10 टक्के, एकरी 80 ते 100 मिली. त्या दिवशी रानात पाणी असेल तर काढून टाका, तण उघडं पडलं पाहिजे, आणि दोन दिवसांनी परत पाणी धरा. फवारल्यावर पाच-सहा तास पाऊस नको. जुलैत एवढी उघडीप मिळणं म्हणजे लॉटरीच, म्हणून 18 व्या दिवसापासून आभाळाकडं बघत पंप भरायच्या तयारीत राहायचं. सावा आणि बरीचशी रुंद पानं यानं जातात. हरळी आणि जुनाट लव्हाळा जात नाही. तो उन्हाळ्यात नांगरून, गाठी वेचूनच कमी करायचा. उत्तरेत इमॅझेथापायर हे तणनाशक सोसणारे पुसा बासमती 1979 आणि 1985 हे वाण आलेत. ते पाहून कुणी आपल्या इंद्रायणीवर ते औषध मारू नका, तणाबरोबर भातही जाईल.

एवढं करूनही भांगलण (हातानं तण काढणं) पूर्ण सुटत नाही. एक भांगलण धराच, साधारण 35 व्या दिवशी. तिथं सावा ओळखायचा कसा हा नव्या बायकांचा प्रश्न असतो, कारण लहानपणी तो हुबेहूब भात. पान जिथं खोडाला मिठी मारतं तो सांधा हलकेच उघडा. भाताला तिथं पातळ पांढरी जीभ दिसते आणि बाजूला बारीक केसांचे कानासारखे दोन आकडे. सावा तिथं अगदी गुळगुळीत, जीभही नाही आणि कानही नाहीत. माझ्या आईला हे सांगावं लागलं नाही, ती चालता चालता नुसत्या रंगावरनं उपटायची. आपल्याला सांधा बघावा लागतो. यंत्रानं ओळी सरळ आल्या असतील तर सायकल कोळपं किंवा छोटा पॉवर वीडर चालतो. वीडरचं पातं 20 सेंटिमीटरच्या ओळीत बसतं का ते घेण्याआधी बघा, बरीच यंत्रं त्याहून रुंद असतात.

पेरभाताची कोवळी पानं 20-25 दिवसांत पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर युरिया टाकायला धावू नका. पावसानं ओढ दिली की उघड्या रानात लोह रोपाला मिळत नाही, मग ती जमीन तांबडी का असेना. फेरस सल्फेट अर्धा टक्का, म्हणजे दहा लिटरला 50 ग्रॅम, आठवड्याच्या अंतरानं दोनदा फवारा. युरिया तीन हप्त्यांत द्या आणि पहिला हप्ता तीन आठवड्यांनंतर. पेरतानाच टाकलेला युरिया आपल्या पावसात वाहून जातो आणि उरलेला तण खातं. स्फुरद-पालाश मात्र पेरतानाच, यंत्राच्या खताच्या पेटीतून.

वाणाचं म्हणाल तर इंद्रायणी आणि भोगावती मी पेरून घेतलेत, दोन्ही चालतात. इंद्रायणीला युरिया चढला की लोळते आणि वरवर पेरलेलं भात जरा लवकरच लोळतं, एवढं लक्षात ठेवा. आजरा घनसाळ उंच आणि लांब मुदतीचा, त्याला मी यंत्राच्या पेऱ्यात हात लावत नाही. तो लागणीतच शोभतो. पेरलेलं भात लागणीपेक्षा आठवडा-दहा दिवस आधी येतं, कारण रोप उपटून लावण्याचा धक्का त्याला बसत नाही. मागं हरभरा घ्यायचा असेल तर हे दिवस कामाला येतात. उत्पन्न लागणीच्या बरोबरीनं येतं, तण हाताबाहेर गेलं नाही तर. गेलं तर निम्म्यावरही येतं. खर्चात फरक म्हणाल तर आमच्या घरी लागणीला एकरी 14-15 बायका लागायच्या, तरवा काढणं आणि चिखलणी वेगळी. यंत्र तेच रान दीड तासात पेरतं. वाचलेल्या पैशातला काही भाग औषधाला आणि त्या एका भांगलणीला जातो, तेव्हा सगळा नफा खिशात असं कुणी सांगितलं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. जंगलाकडेला रान असेल तर गव्यांचा त्रास पेरलेल्या भातालाही तेवढाच. त्यावर यंत्र अजून निघालेलं नाही.

शेवटचा प्रश्न हार्वेस्टरचा. घरी म्हशी किती आहेत? दोन जरी असल्या तरी मोठं हार्वेस्टर आणू नका. ते दाणे घेतं आणि पिंजर (भाताचा पेंढा) तुडवून, तुकडे करून रानात पसरतं. गोळा करायला पुन्हा माणसं नाहीतर गाठी बांधणारं यंत्र लागतं, आणि तोवर एखादा पाऊस पडला की तुकड्यांना बुरशी. मग जानेवारीनंतर विकतचं पिंजर आणताना डोळ्यात पाणी येतं. आपल्या तुकड्यांना रीपर बरा. तो भात आडवं कापून एका बाजूला ओळीनं टाकतो, दोन दिवस वाळलं की पेंढ्या बांधायच्या आणि मळणी यंत्रावर काढायचं. पिंजर लांब आणि अखंड राहतं, गंजी नीट बसते. म्हशी नसतील आणि रान सलग असेल तर हार्वेस्टर खुशाल आणा. फक्त बांध आधी मोकळा करून ठेवा आणि ऑपरेटरला सांगा की रान वाळल्याशिवाय यायचं नाही. ऑक्टोबरच्या ओलीत त्याच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या पुढच्या मे महिन्यात फळीनं बुजवायला दोन दिवस जातात, आणि मग तिथंच पाणी तुंबून बी कुजतं.